रीफ टँकमध्ये ट्रिगर ठेवायचा तर कुठला, आणि कुठला अजिबात नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्याकडे रीफ टँक आहे, म्हणजे कोरल असलेला खाऱ्या पाण्याचा टँक, आणि त्यात ट्रिगरफिश, म्हणजे ट्रिगर मासा, ठेवायचाय. टँक सहा फुटी, साधारण ७०० लिटर, दीड-दोन वर्षं नीट चाललेला. आत क्लाउनफिशची जोडी, अँथियासचा छोटा ग्रुप, एक यलो टँग, एक फायरफिश हे मासे, दोन क्लिनर श्रिम्प (माशांचं अंग साफ करणारी कोळंबी), भरपूर स्नेल (गोगलगायी) आणि हर्मिट (शंखात राहणारे खेकडे), कोरल म्हणाल तर सॉफ्ट आणि एलपीएस (मोठ्या पॉलिपचे कठीण कोरल), वर थोडे एसपीएसचे (बारीक पॉलिपचे, जास्त नाजूक कोरल) फ्रॅग, म्हणजे छोटे तुकडे. आता ट्रिगर हवाय. मनात क्लाउन ट्रिगर भरलाय, नायजरही चालेल, आणि दुकानदार म्हणतोय की लहान आणलात तर तो टँकसोबत वाढतो, काही करत नाही.

सरळ सांगतो. क्लाउन ट्रिगर नको, आत्ता नको आणि "मोठा झाला की देऊन टाकू" या बोलीवरही नको. नायजर कसाबसा बसेल पण मी तुमच्या जागी असतो तर टाकला नसता. या टँकसाठी मी मनापासून सुचवेन तो ब्लूजॉ ट्रिगर, आणि तो सुचवताना मला अजिबात हातचं राखून बोलायचं नाहीये, कारण रीफ टँकमध्ये इतका देखणा, हुशार आणि तरी सभ्य वागणारा मोठा मासा शोधून सापडत नाही.

आता का ते. ट्रिगरचं कुटुंब म्हणजे बॅलिस्टिडी, त्यात ४० च्या आसपास जाती आहेत, आणि "ट्रिगर रीफमध्ये चालतो का" असं सगळ्या कुटुंबाबद्दल एकदम विचारून हाती काहीच लागत नाही. विचारायचं ते हे की हा मासा समुद्रात जेवतो कुठे, तळाशी की मधल्या पाण्यात. बहुतेक ट्रिगर तळाशी जेवतात. वाळू उपसायची, तोंडाने पाण्याचा जोरदार झोत मारून सी अर्चिन उलटा करायचा आणि काटे कमी असलेल्या खालच्या बाजूने फोडायचा, खेकडे, शिंपले, शंख चावून उघडायचे, हे त्यांचं रोजचं काम. त्यांची अख्खी ठेवण त्यासाठीच आहे, डोळे डोक्यावर उंच आणि तोंडापासून लांब, म्हणजे काटेरी भक्ष्य खाताना डोळा वाचतो, आणि वरच्या जबड्यात पुढे आठ दात, त्यांच्यामागे आणखी सहा, खाली आठ, छिन्नीसारखे आणि आयुष्यभर वाढत राहणारे. असा मासा तुमच्या टँकमध्ये आला की तुमचे स्नेल, हर्मिट, श्रिम्प हे त्याच्यासाठी जेवण आहे, त्यात त्याचा दुष्टपणा काही नाही. तो लहान असताना जबडा लहान असतो म्हणून काही होत नाही, एवढाच दुकानदाराच्या वाक्याचा खरा अर्थ.

दुसरा गट मधल्या पाण्यात तरंगणारं प्लँक्टन खाणारा. यांचं तोंड बघा, किंचित वरच्या बाजूला वळलेलं असतं, कारण खाणं समोरून-वरून वाहत येतं. दुकानात नाव काय सांगतात त्यापेक्षा आधी तोंड कुठल्या दिशेला आहे ते बघायची सवय लावून घ्या, ट्रिगरच्या बाबतीत ही खूण खूप कामाची आहे. झँथिक्थिस या वंशातले ब्लूजॉ, क्रॉसहॅच आणि सार्गासम हे तिघं या गटातले, आणि नायजर म्हणजे ओडोनस नायजर, तोही यातलाच. मेलिक्थिस वंशातले, म्हणजे पिंकटेल आणि ब्लॅक ट्रिगर, हे थोडे अधलेमधले, प्लँक्टन खातात पण शेवाळंही भरपूर चरतात.

आता एकेक बघू, पण ज्यांचा तुमच्याशी संबंध नाही त्यांच्यावर वेळ घालवत नाही. क्लाउन ट्रिगर ५० सेंटिमीटरपर्यंत जातो. लहानपणी काळ्यावर पांढरे ठिपके बघून कुणीही भुलेल, मीही या माशाचा चाहता आहे, पण तो एकट्याने मोठ्या टँकमध्ये ठेवायचा मासा आहे. त्याच्या स्वभावाचा खरा त्रास हा की बदल हळूहळू होत नाही, महिनोन् महिने शांत असलेला मासा एक दिवस ठरवतो की हा टँक माझा, आणि मग सगळ्यात आधी अँथियास मरतात. अनड्युलेट म्हणजे केशरी रेघांचा हिरवा ट्रिगर ३० सेंटिमीटरचाच, पण सगळ्यात भांडखोर ट्रिगरमध्ये त्याचं नाव घेतात ते उगीच नाही, आणि तो कोरलही कुरतडतो. क्वीन आणि ब्लूलाइन हे तर अर्धा मीटर ओलांडणारे. टायटन ७५ सेंटिमीटर, अंडी असताना डायव्हरलासुद्धा चावा घेतो, तो घरात आणायचा मासाच नाही. पिकासो त्यातल्या त्यात मवाळ आणि फिश-ओन्ली, म्हणजे कोरल नसलेल्या टँकमध्ये फार गोड मासा आहे, पण तळाशी जेवणारा तो जेवणाराच, तुमचे हर्मिट आणि श्रिम्प तो संपवणार.

नायजरबद्दल जरा जास्त बोलायला हवं कारण तुमच्या यादीत तो आहे. रीफला तो खरंच फारसा त्रास देत नाही, कोरलकडे बघत नाही, आणि बरेच लोक त्याला श्रिम्पसोबत ठेवतात. अडचण आकाराची आणि पोहण्याची. समुद्रात तो प्रवाहात मोठमोठ्या थव्यांनी राहतो आणि लांब शेपटीची टोकं धरून ५० सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतो, टँकमध्ये इतका होत नाही पण ३० च्या पुढे जातो. दुकानात तो ७-८ सेंटिमीटरचा, जांभळा-निळा, स्वस्त असा दिसतो आणि म्हणून सगळ्यात जास्त विकला जातो, आणि बऱ्याचदा उपाशी अवस्थेत आलेला असतो. सहा फुटी टँकमध्ये तो राहील, पण मोठा झाल्यावर फायरफिश आणि लहान अँथियासची मला खात्री वाटत नाही, आणि रोज जेवढं खाणं त्याला लागेल तेवढं घातल्यावर तुमच्या एसपीएसचं पाणी सांभाळणं अवघड होईल. आठ फुटी टँक असता तर मी हो म्हटलं असतं. आणि हो, दुकानात ब्लॅक ट्रिगरलाही काही जण नायजर म्हणतात कारण त्याच्या शास्त्रीय नावातही नायजर आहे, मेलिक्थिस नायजर. तो काळा असतो आणि पाठीवरच्या आणि पोटाखालच्या फिनच्या मुळाशी फिकट निळी रेघ असते, तीवरून ओळखा, कारण तो जास्त धीट आणि जास्त दांडगा मासा आहे.

ब्लूजॉ, झँथिक्थिस ऑरोमार्जिनाटस. टँकमध्ये २० सेंटिमीटरच्या आसपास थांबतो. नराचा गळा गडद निळा आणि फिनच्या कडा पिवळ्या, मादी साधी करडी, ठिपक्यांची, पण मला मादीसुद्धा फार सुंदर वाटते, उजेडात तिच्या अंगावरचे ठिपके ओळीने चमकतात. दिवसभर मधल्या पाण्यात फिरतो, ट्रिगरची ती लाट मारत पोहण्याची पद्धत, वरचं आणि खालचं फिन हलवत, शेपूट जवळजवळ न वापरता, तुम्ही समोर आलात की काचेपाशी येऊन बघत राहतो. कोरलला तोंड लावत नाही. क्रॉसहॅच याच वंशातला, ३० सेंटिमीटरजवळ जाणारा, नराची शेपटी लालसर, आणि देखणेपणात ब्लूजॉच्याही वर, पण महाग, आणि तो मुळात जरा थंड पाण्याचा, त्याला २४-२५ डिग्रीच्या वर कायम ठेवू नये असं माझं मत. तुमचा टँक उन्हाळ्यात २७ ला जात असेल तर क्रॉसहॅचचा विचार सोडा.

आता श्रिम्पबद्दल खरं काय ते ऐका, कारण इथे सगळ्यात जास्त गोड बोललं जातं. ब्लूजॉसुद्धा ट्रिगरच आहे. क्लिनर श्रिम्प टँकमध्ये आधीपासून असतील, मोठे असतील, आणि मासे त्यांच्याकडून अंग साफ करून घेत असतील तर नवीन आलेला ब्लूजॉ त्यांना सहसा मान्य करतो. पण ट्रिगर आधी आणि श्रिम्प नंतर असं केलंत तर वरून सोडलेला श्रिम्प खाली पोचायच्या आत खाल्ला जाऊ शकतो, कारण त्याच्या दृष्टीने वरून पडतं ते जेवण. पुढे कधी श्रिम्प बदलायची वेळ आली तर लाइट बंद झाल्यावर, पाइपमधून थेट खडकाच्या आत सोडा. लहान पेपरमिंट आणि सेक्सी श्रिम्प यांची आशा धरू नका. स्नेल बहुतेक टिकतात, लहान हर्मिट थोडे कमी होतील असं धरून चला. आणि श्रिम्प कात टाकतो त्या रात्री तो मऊ असतो, तेव्हा लपायला अरुंद भेग हवी जिथे ट्रिगरचं डोकं जाणार नाही.

टँकमध्ये सोडण्याचा क्रम हा इथे अर्धा खेळ आहे. ट्रिगर सगळ्यात शेवटी. तुमच्या यादीत अजून जे काही मासे आणायचे राहिलेत, रास असो, गोबी असो, ते सगळे आधी आणा, त्यांना दोन-तीन महिने रुळू द्या, मग ट्रिगर. नंतर "अजून एक छोटा गोबी" असं करायचं नाही, आणि करायचंच असेल तर अक्लायमेशन बॉक्समधून. तोच बॉक्स ट्रिगरसाठीही वापरा, पारदर्शक भोकांचा डबा, टँकच्या आत टांगलेला, चार-पाच दिवस त्यात ठेवा, तिथेच खाऊ घाला. तुमचा यलो टँग त्याच्यावर शेपटीचा काटा उगारेल, ब्लूजॉ नवीन असताना बराच भित्रा असतो, एकदम सोडलात तर आठवडाभर खडकामागे बसेल आणि खाणार नाही. बॉक्सबाहेरून फटके मारून टँगचा उत्साह संपला की मग दार उघडा.

जोडी हवी असेल तर एक नर आणि एक किंवा दोन माद्या, एकत्रच सोडा, किंवा मादी आधी. दोन नर नको. ७०० लिटरमध्ये जोडी आरामात राहते, आणि जोडीतला नर एकट्या नरापेक्षा जास्त रंग दाखवतो. दुसऱ्या जातीचा ट्रिगर मात्र याच टँकमध्ये नको.

खाणं हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग आणि त्याबद्दल लोक सगळ्यात कमी विचारतात. प्लँक्टन खाणारा मासा दिवसभर थोडं थोडं खातो, त्याला एकदाच भरपूर घालून चालत नाही. दिवसातून तीन वेळा थोडं थोडं, जमत असेल तर चार वेळा, त्यातलं एक-दोन वेळचं ऑटो फीडरवर पेलेट टाका. मायसिस, बारीक क्रिल, कॅलॅनस (हे सगळे कोळंबीसारखे बारीक सागरी जीव), चिरलेली कोळंबी, माकूल, अधूनमधून नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ). एकच पदार्थ महिनोन् महिने नको, काही कच्च्या सागरी खाण्यात थायमिनेज असतं जे बी-१ जीवनसत्त्व तोडतं, म्हणून आलटूनपालटून द्या आणि आठवड्यातून दोनदा खाणं जीवनसत्त्वाच्या द्रावणात भिजवून द्या. दात वाढत राहतात हे वर सांगितलं, म्हणून आठवड्यातून एकदा काहीतरी कठीण, टरफलासकट कोळंबी किंवा उघडा शिंपला. ब्लूजॉ तळाच्या ट्रिगरएवढं चावत नाही पण तरी द्या. भूक हे ट्रिगरच्या बहुतेक वाईट वागणुकीचं कारण असतं, पोट भरलेला ब्लूजॉ श्रिम्पकडे बघतही नाही, आणि तुम्ही सुट्टीवर गेलात, शेजाऱ्याने दोन दिवसांतून एकदा खाणं टाकलं, तर परत येऊन श्रिम्प शोधत बसाल.

पण एवढं खाणं म्हणजे एवढी घाण, आणि कोरलवाल्याला हे आवडत नाही. म्हणून स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं उपकरण) टँकच्या आकाराला पुरेल त्याच्या एक साइज वरचा घ्या, सम्पमध्ये (टँकखालच्या टाकीत) रेफ्युजियम, म्हणजे शेवाळ वाढवायचा कप्पा, असेल तर फारच छान, गोठलेलं खाणं वितळवून गाळून मगच टाका, त्या पाण्यात बराच फॉस्फेट असतो. नायट्रेट ५ ते १५ आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएममध्ये राहिलं तर तुमचे सॉफ्ट आणि एलपीएस खूश असतील आणि एसपीएससुद्धा. ट्रिगर आल्यावर पहिले दोन महिने दर आठवड्याला टेस्ट करा, कारण टँकचं गणित बदललेलं असतं आणि ते शेवाळ दिसायच्या आधी टेस्ट किटवर दिसतं.

सामानाबद्दल. झाकण हवंच, जाळीचं असो की काचेचं, पूर्ण. ब्लूजॉ उडी मारणारा मासा आहे, त्यातून नवीन असताना जास्त, आणि ओव्हरफ्लोच्या (जिथून पाणी सम्पमध्ये उतरतं त्या) कोपऱ्यातली वायरसाठी ठेवलेली फट सुद्धा पुरते त्याला. हीटर सम्पमध्ये हलवा. टँकमधल्या पॉवरहेडच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) वायर काचेला घट्ट बसवा, ट्रिगर उत्सुकतेपोटी वायर चावून बघतात, तळाचे जास्त पण भरवसा कुणाचाच नको, आणि सगळी लाइन अर्थ लीकेज ब्रेकरवर असलीच पाहिजे, हे तर ट्रिगर नसला तरी. फ्रॅग एपॉक्सीने पक्के चिकटवा, नुसते ठेवलेले फ्रॅग मासा खात नाही पण वळताना पाडतो. खडक एकमेकांवर नुसते रचलेले असतील तर तेही एकदा हलवून बघा.

झोपण्याची जागा हा मुद्दा राहू नये. ट्रिगर रात्री खडकाच्या भोकात घुसतो, पाठीवरचा पहिला जाड काटा उभा करतो, त्यामागचा दुसरा छोटा काटा त्याला आतून खिट्टी लावतो, आणि मग बाहेरून कुणीही ओढला तरी तो निघत नाही. दुसरा काटा दाबला की पहिला बसतो, म्हणून तर हे नाव. त्याच्या अंगाच्या मापाची, दोन्ही बाजूंनी धरता येईल अशी एक तरी भेग करून द्या, ती मिळेपर्यंत तो अस्वस्थ असतो आणि दुसऱ्यांच्या जागा बळकावतो. काही वेळा तो आडवा पडून झोपतो, लाइट बंद झाल्यावर टॉर्च मारून बघाल तर मेलाय असं वाटेल. हात घालून हलवू नका, सकाळपर्यंत थांबा.

याच काट्यामुळे त्याला जाळीने पकडायचं नाही, काटा जाळीत अडकतो आणि सोडवताना फिन फाटतं. प्लास्टिकचा डबा पाण्याखाली धरून त्यात हाकला. दुकानातून आणताना पिशवी दुहेरी घ्या, काट्याने भोक पडतं. पाण्याबाहेर काढल्यावर तो गुरगुरल्यासारखा आवाज करेल, तो त्याचा नेहमीचा आवाज आहे, घाबरायचं काही नाही.

विकत घेताना आधी कपाळ आणि पोट बघा. डोळ्यांमागचा भाग बसलेला किंवा पोट आत गेलेलं असेल तर तो मासा घेऊ नका, कितीही रंग छान असला तरी, इतका उपाशी राहिलेला ट्रिगर नंतर खायला लागला तरी बऱ्याचदा वाचत नाही. दुकानदाराला समोर खायला घालायला सांगा. ब्लूजॉ खोल पाण्यात सापडतो, वर आणताना घाई झाली असेल तर हवेची पिशवी बिघडते, असा मासा डोकं खाली किंवा शेपूट खाली धरून झगडत पोहतो, सरळ तरंगत नाही. तो नको. शक्य असेल तर "आठवडाभर ठेवा, मी पैसे देऊन ठेवतो" असं सांगा, जो दुकानदार याला तयार होतो त्याच्याकडून घ्या.

घरी आल्यावर किमान चार आठवडे क्वारंटाइन. ट्रिगर दणकट असतात, पण मरीन इच आणि वेल्व्हेट हे परजीवींचे रोग त्यांच्यासोबत येऊ शकतात, आणि तुमच्या रीफ टँकमध्ये एकदा ते शिरले की तिथे कॉपर, म्हणजे त्यावरचं तांब्याचं औषध, घालता येत नाही, सगळे इनव्हर्टिब्रेट (कोरल, श्रिम्प, स्नेल) मरतील. क्वारंटाइन टँक रिकामा, पीव्हीसीचे मोठे तुकडे लपायला, त्यात लाइव्ह रॉक आणि वाळू नाही कारण ते कॉपर शोषून घेतात आणि मग डोस कळत नाही. कॉपर वापरणार असाल तर औषधाच्या बाटलीवरची पातळी पाळा आणि त्याच प्रकारच्या कॉपरला चालणाऱ्या किटने रोज मोजा. हाच वेळ त्याला पेलेट शिकवायला वापरा, एकट्याने असताना तो लवकर शिकतो.

शेवटी, फायरफिशबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण मी सांगतो, तुमच्या टँकमध्ये मला काळजी वाटते ती तिचीच. ब्लूजॉ तिला खाणार नाही, पण एवढा मोठा मासा वरून गेला की ती दचकते, बिळात बसते आणि खाणं चुकवते, पुढे तर उडी मारते. ट्रिगर आणायच्या आधी तिच्या बिळाजवळ पिपेटने खाणं सोडायची सवय लावा, म्हणजे तिला मधल्या पाण्यात यावं लागणार नाही. ट्रिगर आल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातही ती दिवसा बाहेर दिसत नसेल तर तिला दुसऱ्या टँकमध्ये हलवा, त्यासाठी क्वारंटाइनचा टँक मोडू नका, चालू ठेवा.